बेलमळ्याचा पट

कल्पना करा, तुम्हाला वीस मुलं जमवायची आहेत. लग्नाला किंवा क्रिकेटच्या सामन्याला जमवतात तशी नाही. ती एका शाळेच्या पटावर लागली पाहिजेत आणि तीस सप्टेंबरला पटावर टिकलेली दिसली पाहिजेत. त्यासाठी तुमच्या हाताशी जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा आहे, तिच्या भिंतीवर रंग उडत चाललेला बाराखडीचा तक्ता आहे आणि शाळेकडे जाणारी, उसाच्या दोन फडांमधली वाट आहे. त्या वाटेवर बिबट्याचे ठसे दिसले की आठवडाभर आया पोरांचा हात सोडत नाहीत. तुमच्यासमोर उभी आहे ती इंग्रजी शाळेची पिवळी बस. ती रोज सकाळी आठ वाजता थेट अंगणासमोर येते आणि हॉर्न वाजवते.

आता आणखी एक कल्पना करा. हे काम तुम्हाला कोणी सांगितलेलंच नाही. तुम्ही शाळेत शिकवत नाही, समितीवर नाही, सरपंचाच्या नात्यातल्याही नाही. तुम्ही त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवता.

पिंपळवंडीच्या शिवारात बेलमळा नावाची वस्ती आहे. तिथल्या साळुबाईनं गेल्या उन्हाळ्यात हे काम आपणहून अंगावर घेतलं.

साळुबाईचं वय कागदावर छप्पन्न. जन्मतारीख एक जून. बेलमळ्यात एक जूनला जन्मलेली अशी नऊ माणसं आहेत. वस्तीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्या दिवशी केकांचा नुसता पाऊस पडतो आणि कोणी कोणाला शुभेच्छा दिल्या ते कोणालाच कळत नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी शाळेत नाव घालायला आणलेल्या पोराची जन्मतारीख आईबापाला ठाऊक नसायची. कोणी म्हणायचं, भुईमूग काढायला आला तेव्हा झाला. कोणी म्हणायचं, म्हशीला रेडकू झालं त्याच्या आदल्या वर्षी. गुरुजी मग पोराला समोर उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. बोटं कानाला लागली की पोर सहा वर्षांचं झालं. नाव पटावर, तारीख एक जून. साळुबाईचं बोट त्या दिवशी कानाच्या पाळीला जेमतेम टेकलं होतं. ती दुसरीपर्यंत शिकली, मग धाकट्या भावाला सांभाळायला घरी बसली. अक्षरं तेवढी राहिली. जोडाक्षर आलं की आजही ती थांबते, ओठ हलवते, मगच पुढे जाते.

अठरा वर्षं ती त्या शाळेत स्वयंपाक करते आहे. आली तेव्हा पट चौसष्ट होता. मोठं पातेलं दोघींनी धरून उतरवावं लागे. मग ते पातेलं लागेनासं झालं, मधलं आलं, आणि आता ती घरच्या पाहुण्यांना करावी तेवढी खिचडी करते.

एप्रिलमध्ये पालकसभा झाली. सभेला सात जण आले. मुख्याध्यापक बाळासाहेब सरांनी सांगितलं की यंदा पट बावीस आहे, चौथीतली चार मुलं बाहेर पडतील, राहतील अठरा. तीस सप्टेंबरला आधार कार्ड जुळलेली वीस मुलं दिसली नाहीत तर शाळेचं दुसरं पद जाईल. एकच शिक्षक राहील. साळुबाई बाहेर नळावर ताटं घासत होती. दुसरं पद म्हणजे कोण, हे तिला विचारावं लागलं नाही. दुसरं पद म्हणजे नीलम मॅडम.

नीलम मॅडम जुन्नरच्या बाजारपेठेतल्या. त्यांचे पणजोबा मारवाडातून आले, ते इथलेच झाले. वडील लालचंद यांचं कापडाचं दुकान आहे. मॅडम रोज स्कूटीवरून येतात. कांदा-लसूण खात नाहीत, म्हणून साळुबाई फोडणीआधी थोडी खिचडी बाजूला काढते. मॅडमनी तसं कधी सांगितलं नव्हतं. पहिले दोन दिवस त्या नुसत्या चहावर राहिल्या हे साळुबाईनं पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी वेगळी वाटी समोर ठेवली.

पण मॅडम राहाव्यात असं साळुबाईला वाटत होतं ते वाटीमुळे नाही. ते होतं संस्कृतीमुळे.

संस्कृती ही साळुबाईची नात, मुलाची, सोमाजीची पोरगी. पाच वर्षांची झाली तरी घराबाहेर तोंड उघडायची नाही. अंगणवाडीत दोन वर्षं बसली आणि दोन वर्षं भिंतीकडे पाहत राहिली. बायका तिच्यासमोरच म्हणायच्या, पोरगी मुकी निघती का काय. इंग्रजी शाळेत तिला दाखवायला नेलं, तर तिथल्या बाईंनी चार प्रश्न विचारले, पोरीनं चारही वेळा आईच्या पदराआड तोंड घातलं, आणि बाईंनी गोड शब्दांत सांगितलं की पुढच्या वर्षी बघू. म्हणून ती झेडपीत आली. घरात ते कोणी उघड बोललं नाही, पण ती उरलेली म्हणून आली होती.

नीलम मॅडमनी तिला बोलायला लावलंच नाही. त्यांची पद्धत निराळी होती. पुस्तक त्या उशिरा उघडायच्या. आधी पोरांना घेऊन शाळेभोवती जे लिहिलेलं दिसेल ते वाचत हिंडायच्या. एसटीची पाटी, खताची गोणी, टोमॅटोच्या क्रेटवरचं आडत्याचं नाव, पाण्याच्या टाकीवरचं कोणाचं तरी अर्धवट पुसलेलं निवडणूक चिन्ह. पाऊस असला की स्वयंपाकखोलीत यायचं आणि डब्यांवरची नावं वाचायची. अशाच एका दिवशी साळुबाई पोत्यातून तांदूळ मापत होती. संस्कृती पोत्याजवळ उकिडवी बसली. बोट ठेवत हळूच म्हणाली, "तां-दू-ळ." मग मान वर करून, "आजी, हे तांदूळच आहे."

साळुबाईच्या हातातलं माप तसंच राहिलं. त्या पोरीनं शाळेत उच्चारलेला तो पहिला शब्द होता.

वर्षभरात ती गाडी सुटावी तशी वाचायला लागली. वाचायला लागली तशी बोलायलाही लागली. म्हणून एप्रिलच्या त्या सभेनंतर साळुबाईनं ठरवलं की आणखी निदान दोन वर्षं, पोरगी चौथीला जाईपर्यंत, मॅडम हलता कामा नयेत. त्यासाठी दोन पोरं कमी पडत होती. दोन पोरं म्हणजे किती ती.

तिनं मे महिना वस्तीत घालवला. गुरुजी लोक यादी घेऊन सर्वेक्षण करतात, तसं तिनं काही केलं नाही. ती लग्नात गेली, टोमॅटोच्या तोडणीला गेली, हळदीच्या मांडवात भाकरी थापायला बसली. जिथं लहान पोर दिसेल तिथं ती म्हणायची, ये इकडं, कान धर बघू. पोरं हसायची, हात डोक्यावरून न्यायची. बोटं लागली की साळुबाई आईला विचारायची, कुठं घालणार गं ह्याला?

उत्तर बहुतेक एकच असायचं. बस येते ना दारात. बायका ते सांगताना खाली बघायच्या, कारण साळुबाईनं त्यांच्याच पोरांच्या बारशात घुगऱ्या वाटल्या होत्या. ठमाबाईची नात मात्र मिळाली. ठमाबाईचा मुलगा वारला होता, सून शेतमजुरीला जायची, बसच्या फीचा प्रश्नच नव्हता. पट एकोणीस झाला.

बयाबाईचं घर राहिलं होतं. बयाबाई म्हणजे वस्तीतलं सगळ्यात मोठं तोंड. तिचा नातू शौर्य अंगणात ट्रॅक्टरच्या टायरवर उड्या मारत होता. साळुबाईनं त्याला बोलावून कान धरायला लावला. पोरानं नुसता कान धरला नाही, तर ओढून दाखवला. मग तिनं बयाबाईपुढे विषय काढला.

बयाबाईनं पानाला चुना लावता लावता विचारलं, "तुजा सोमा कुठं शिकला गं?"

"आपल्याच शाळंत."

"मग पिकअपच हाकतोय की."

"हाकतोय," साळुबाई म्हणाली. "आणि तुजा इंग्लिश शाळंतला जावई काय इमान चालवतोय का? त्यो बी टमाट्याचंच क्रेट उचलतोय."

बयाबाईला हसू आवरलं नाही. पान तोंडात घालून ती बराच वेळ हलत राहिली. मग म्हणाली, इंग्लिश शाळेवाल्यांनी शौर्यला पहिलीत घेतलं नाही, लहान आहे म्हणाले, अजून एक वर्ष त्याच खालच्या वर्गात बसवा. घरी ठेवून तो म्हशींच्या शेपट्या ओढतो. तुझ्या शाळेत घेत असतील तर घेऊन जा.

साळुबाई दुसऱ्या दिवशी शौर्यचं आधार कार्ड घेऊन बाळासाहेब सरांकडे गेली. सरांनी कार्ड पाहिलं आणि चष्मा काढला. जन्म नऊ जानेवारीचा होता. पहिलीसाठी मुलाला त्या वर्षीच्या एकतीस डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. शौर्यला नऊ दिवस कमी पडत होते. संगणक नाव घेणार नव्हता.

साळुबाईला हे काही केल्या पटलं नाही. तिनं सांगितलं की पोराचा हात कानाला लागतो. सरांनी सांगितलं की मला दिसतंय, संगणकाला दिसत नाही. मग तिच्या डोक्यात एक विचार आला, जो बेलमळ्यातल्या कोणाच्याही डोक्यात आला असता. ती बुधवारची एसटी धरून जुन्नरला गेली.

लालचंद शेठच्या कापडाच्या दुकानातच, एका बाजूला काचेचं पार्टिशन घालून, त्यांचा मुलगा जिनेश आधार केंद्र चालवतो. नीलम मॅडमचा तो धाकटा भाऊ. साळुबाई रांगेत तासभर बसली. नंबर आल्यावर तिनं शौर्यचं कार्ड काउंटरवर ठेवलं आणि आवाज खाली घेऊन म्हणाली, "ह्याला आदल्या सालचा एक जून लावून द्या."

जिनेशला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यानं मान हलवली. "मावशी, तारीख मी लावत नाही. दवाखान्यातून जन्मदाखला आला, तोच इथं आहे. मी बदलायला गेलो तर माझं मशीनच बंद होईल."

"आमच्या वख्ताला गुरुजी लावत व्हते की."

"तेव्हा मशीन नव्हतं."

पलीकडे गादीवर बसलेले लालचंद शेठ ऐकत होते. ते पुढे सरकले आणि म्हणाले की बाई, माझाही वाढदिवस एक जूनच. माझ्या आईनं गुरुजींना सांगितलं, पर्युषणाच्या आधी आठ दिवस झाला. गुरुजी म्हणाले, बरं, एक जून लिहितो. सत्तर वर्षं त्याच तारखेवर चाललोय, काही बिघडलं नाही.

रांगेतले लोक हसले. जिनेशही हसला. साळुबाई हसली नाही.

"न्हाई म्हंजी, मला एवडंच सांगा," ती म्हणाली, "नऊ दिवसांत पोरगं काय यडं व्हतंय का?"

जिनेशनं पाणी मागवलं. तारखेचं काही होणार नाही, पण दुसऱ्या कोणाच्या कार्डात नावाची, स्पेलिंगची अडचण असेल तर मी बसून करून देईन, पैसे घेणार नाही, असं त्यानं सांगितलं. त्यानं तो शब्द पाळलाही. वस्तीबाहेरच्या पोल्ट्रीवर भिमाजी नावाचा गडी होता, आंबेगावच्या वरच्या अंगाचा, बायकोपोरांसकट शेडशेजारीच राहायचा. त्याच्या पोरीचं नाव कार्डावर एक, शाळेच्या जुन्या दाखल्यावर दुसरं, म्हणून ती दोन वर्षं शाळेबाहेर होती. जिनेशनं दोन खेपांत ते जुळवून दिलं. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात ती मुलगी पहिलीत बसली. पट वीस झाला.

वीस झाला, तरी साळुबाईला झोप लागेना असं नव्हतं. ती छान झोपायची. पण वीस म्हणजे काठावर. एक जरी पोर गळालं तरी संपलं. अजून एक-दोन नावं हाताशी असावीत असं तिच्या मनानं घेतलं. आणि इथून पुढं जे झालं ते तिनंच केलं.

लोकांची तक्रार एकच होती, झेडपीत काय शिकवतात. याचं उत्तर तिच्या घरातच होतं. तिनं संस्कृतीला बरोबर घेऊन जायला सुरुवात केली. कोणाच्या ओसरीवर बसलं की ती म्हणायची, बाळा, ते काय लिहिलंय गं? पोरगी कॅलेंडर वाचायची, गॅसच्या पुस्तकातल्या सूचना वाचायची, पतसंस्थेच्या पिशवीवरचा पत्ता वाचायची. लोक थक्क व्हायचे. एका घरी इंग्रजी शाळेतला चौथीचा मुलगा होता. त्याच्या आजोबांनी त्याच्यासमोर तीच पिशवी धरली, तर तो म्हणाला, मला मराठी वाचायला स्लो येतं. साळुबाईला त्या दिवशी जेवणाची शुद्ध राहिली नाही.

मग तिनं नीलम मॅडमना गळ घातली की पोरीचा व्हिडिओ काढा आणि वस्तीच्या ग्रुपवर टाका. मॅडमना ते फारसं आवडलं नाही. एका मुलाला असं पुढे करू नये, असं त्या म्हणाल्या. साळुबाईनं हट्ट धरला. शेवटी एका दुपारी शाळेच्या पायरीवर संस्कृती उभी राहिली. हातात औषधाची पुडी होती, टोमॅटोवर फवारायची. ती एका दमात वाचत गेली: "बुरशीनाशक. फवारणी करताना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करू नये. हातमोजे व मुखपट्टी वापरावी." दुसरीतली पोरगी, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली, आणि जोडाक्षरांवर कुठे म्हणून अडखळली नाही. शेवटी कॅमेऱ्याकडे बघून तिनं स्वतःहून विचारलं, "आमचे पप्पा तर मुखपट्टी वापरत नाहीत. मग?"

व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर गेला. तिथून पिंपळवंडीच्या, तिथून फाट्यावरच्या टोमॅटोवाल्यांच्या, तिथून कुठे कुठे. चार दिवसांत सोमाजीला मार्केटात लोक ओळखायला लागले. मुखपट्टीवाल्या पोरीचा बाप म्हणून चहा पाजायला लागले. सोमाजीला आयुष्यात पहिल्यांदा कोणी काहीतरीवाला म्हणून ओळखत होतं. तो पिकअप घेऊन घरी यायचा तो हसतच. साळुबाईला वाटलं, आता दोन काय, पाच पोरं येतील.

एक फोन आला खरा. तो सोमाजीला आला, आणि इंग्रजी शाळेतून आला.

ही तीच शाळा, जिनं गेल्या वर्षी पुढच्या वर्षी बघू म्हटलं होतं. फोनवरचे सर म्हणाले, आम्ही व्हिडिओ पाहिला, अशी मुलगी आमच्याकडे असायला हवी, पहिल्या वर्षाची फी माफ करू, बस दारात येईल. सोमाजीनं पिकअप रस्त्याकडेला घेऊन दोनदा तेच बोलणं ऐकून घेतलं.

रात्रीच्या जेवणाला त्यानं घरात सांगितलं. साळुबाईनं हातातला घास खाली ठेवला. मग तिनं सगळं समजावलं. वीस पोरं, तीस सप्टेंबर, मॅडमचं पद. म्हणाली, दीड महिना थांब, तारीख निघून जाऊ दे, मग काय करायचं ते कर. सुनेनं खाली मान घालून सांगितलं की ते आत्ताच या म्हणतात, नंतर फी माफ होणार नाही.

"ह्याच शाळंनं तिला बोलती केली," साळुबाई म्हणाली.

"केली ना. म्हणून तर," सोमाजी म्हणाला. "पोरगी मठ्ठ असती तर राहू दिली असती, आई. हुशार निगाली, आता तिला तिथं का कुजवू?"

"कुजवू म्हणू नको."

"बरं, न्हाई म्हणत. पण तूच तर दारोदार घेऊन हिंडत व्हतीस ना तिला? बगा, बगा म्हणून? लोकांनी बगितलं."

 साळुबाईनं ताट तसंच ठेवून हात धुतला.

संस्कृतीला कोणी विचारलं नाही. तिला बस आवडायची, तेवढं खरं. दाखला न्यायला सोमाजी शाळेत आला, त्या दिवशी नीलम मॅडम वर्गात होत्या. त्यांनी दाखल्यावर नाव लिहिलं, खाली प्रगतीच्या रकान्यात "उत्कृष्ट वाचन" लिहिलं, आणि सरांकडे सहीला पाठवलं. साळुबाई स्वयंपाकखोलीच्या दारात उभी होती. मॅडम तिच्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, पोरीचं चांगलं होऊ दे. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." साळुबाईला त्या एका वाक्यानं जास्त लागलं. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पट एकोणीस झाला. पण तो तिथंही थांबला नाही. खिचडीवाल्या मावशीचीच नात गेली म्हटल्यावर लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. पंधरा दिवसांत दुसरी-तिसरीतली दोन भावंडं गेली. त्यांच्या आईनं साळुबाईला विहिरीवर गाठून सांगितलं की मावशी, तुमच्यावर भरवसा ठेवून आमी थांबलो व्हतो, तुमीच काढून घेतली तर आमी का मागं राहायचं. बोलण्यात राग नव्हता. साळुबाईला तिचा मुद्दा बरोबर वाटला, हेच वाईट. पोल्ट्रीची तुकडी विकली गेली आणि नवी आली नाही, तेव्हा भिमाजी सप्टेंबरच्या सुरुवातीला बायकोपोरांना घेऊन वरच्या अंगाला निघून गेला. जिनेशनं दोन खेपा घालून जुळवलेलं नावही त्याच्याबरोबर गेलं. तीस सप्टेंबरला बाळासाहेब सरांनी पोर्टलवर आकडा भरला. सोळा.

त्या काळात फाट्यावर एक मोठा फ्लेक्स लागला. इंग्रजी शाळेचा. त्यावर चार मुलांचे फोटो होते आणि त्यातला दुसरा संस्कृतीचा. टाय लावलेला, रिबिनी घट्ट बांधलेल्या. खाली लिहिलं होतं की वाचनात चमकणारी आमची विद्यार्थिनी. तिथं जाऊन तिला तेव्हा सहा आठवडे झाले होते. साळुबाई एसटीतून उतरली आणि फ्लेक्सखाली उभी राहिली. विद्यार्थिनी या शब्दाला तिला वेळ लागला. मग तिनं तो पूर्ण वाचला आणि घरी गेली.

नव्या शाळेनं संस्कृतीला पुन्हा पहिलीत बसवलं होतं. इंग्रजीचा पाया कच्चा आहे म्हणाले. संध्याकाळी ती ओट्यावर बसून इंग्रजी कविता म्हणते. कविता बरोबर की चूक, ते घरात कोणालाच कळत नाही. सोमाजी मोबाइल बाजूला ठेवून ऐकतो, सून काम थांबवते. साळुबाईही ऐकते. एकदा तिनं सहज विचारलं, ह्याचा अर्थ काय गं? पोरगी म्हणाली, "अर्थ अजून शिकवला न्हाई, आजी. आधी पाठ करायची असती."

मॅडमचा आदेश दिवाळीच्या सुट्टीनंतर आला. आंबेगाव तालुक्यातली एक शाळा मिळाली होती, अवसरी खुर्दच्याही पुढे, जुन्नरहून जाऊन येऊन रोजचे ऐंशी-नव्वद किलोमीटर. शेवटच्या दिवशी त्यांनी कपाट आवरलं, पोरांकडून जमवलेल्या पुड्या, तिकिटं, खोक्यांची झाकणं एका पिशवीत भरली आणि ती बाळासाहेब सरांकडे दिली. यावरूनच शिकवा, त्या म्हणाल्या. सरांनी पिशवी घेतली. सरांना आता चार वर्ग एकट्यानं पाहायचे होते, वर पोर्टलची कामं होती. ती पिशवी कपाटावर ठेवली गेली आणि अजून तिथंच आहे.

निरोपाचं भाषण वगैरे झालं नाही. मुलांनी रांगेत उभं राहून मॅडमना नमस्कार केला, ठमाबाईची नात रडली, तिचं पाहून आणखी दोघं रडली. मॅडमनी स्कूटी चालू केली, मग बंद केली, आणि साळुबाईला विचारलं की संस्कृती कशी आहे. साळुबाई म्हणाली, बरी आहे, कविता म्हणती इंग्लिशमधी. मॅडम म्हणाल्या, छान. स्कूटी उसाच्या वाटेनं गेली.

सोळा पोरांची खिचडी लवकर होते. आता साळुबाई अकरालाच मोकळी होते आणि वर्गाच्या दारात बसून राहते. सर एका खोलीत पहिली-दुसरीला गणितं देतात आणि पलीकडच्या खोलीत तिसरी-चौथीवर ओरडून येतात. पहिलीतली पोरं तोपर्यंत पेन्सिलींना टोक काढत बसतात. पुढच्या एप्रिलला पुन्हा सभा होईल. चौथीतली तीन पोरं जातील. राहतील तेरा. शौर्यला तोवर संगणकाच्या हिशेबानंही सहा वर्षं पुरी झालेली असतील, पण बयाबाईनं परवाच सांगितलं की इंग्लिशवाले आता त्याला घ्यायला तयार आहेत.

एका दुपारी सर लॅपटॉपवर आकडे भरत होते. ठमाबाईची नात पायरीवर बसून मिठाच्या पुडीवरचं नाव वाचत होती. वाचत कसली, एकेक अक्षर चाचपत होती, पण बोट चुकत नव्हतं. साळुबाईनं ते बघितलं आणि पटकन तिकडून नजर काढली. मग ती सरांच्या टेबलाजवळ जाऊन उभी राहिली.

"सर, एक इचारू?"

"विचारा की, मावशी."

"ही पोरगी उद्या चांगली वाचायला लागली, तर ते लोकांना सांगायचं का न्हाई सांगायचं?"